पार्टनर व्हिसाची वाट पाहताना मेडिकेअर: ऑस्ट्रेलियातल्या मराठी जोडप्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जोडीदार ऑस्ट्रेलियाचा नागरिक किंवा पीआर (कायमस्वरूपी रहिवासी) आहे, पार्टनर व्हिसाचा अर्ज भरून झाला आहे आणि निकाल यायचा आहे. अशा घरांतून मेलबर्न, सिडनी, ब्रिस्बेन, पर्थहून जे प्रश्न सतत येतात ते इथे एकत्र केले आहेत. सर्वांत जास्त नुकसान एका गैरसमजाने होतं: "पीआर लागल्याशिवाय मेडिकेअर नाही." त्यापायी लोक रक्ततपासण्या पुढे ढकलतात, थायरॉइडच्या गोळ्या भारतातून मागवून दिवस काढतात, गरोदरपणाचे पहिले महिने डॉक्टरचं तोंड न पाहता घालवतात. खरं तर हक्क बहुतेकांना अर्ज भरल्यापासूनच असतो. तो मागावा लागतो, एवढंच. उत्तरं २०२६ सालच्या सुरुवातीच्या नियमांप्रमाणे आहेत.

१. मेडिकेअर म्हणजे नक्की काय? विमा आहे की सरकारी दवाखाना?

ही सरकारची सार्वजनिक आरोग्य योजना आहे. आजच्या रूपात ती १ फेब्रुवारी १९८४ पासून चालू आहे. तिचा खर्च करातून भागतो, त्यामुळे दरमहा हप्ता भरावा लागत नाही. तिच्यातून तीन मोठ्या गोष्टी मिळतात: डॉक्टरच्या फीचा पूर्ण किंवा काही भाग, सरकारी हॉस्पिटलात सार्वजनिक रुग्ण म्हणून मोफत उपचार, आणि सरकारी यादीतली औषधं ठरलेल्या दरात. नोंदणी आणि कार्डाचं काम सर्व्हिसेस ऑस्ट्रेलिया पाहते, व्हिसाचं काम होम अफेअर्स. ही दोन वेगळी खाती आहेत, आणि एकाला कळवलं म्हणजे दुसऱ्याला आपोआप कळलं असं धरून चालू नका.

२. माझा ८२० (ऑस्ट्रेलियातून भरलेला तात्पुरता पार्टनर व्हिसा) अजून लागलेला नाही. तरी मेडिकेअर मिळेल का?

हो. तुम्ही ऑस्ट्रेलियात राहत असायला हवं, कायमस्वरूपी व्हिसाचा तुमचा अर्ज विचाराधीन हवा आणि हातात सध्याचा कुठला तरी वैध व्हिसा हवा, मग तो ब्रिजिंग, म्हणजे निकाल येईपर्यंतचा तात्पुरता, असला तरी चालतो. याशिवाय पुढच्या दोनपैकी एक गोष्ट पुरते: तुमच्या व्हिसावर काम करायची परवानगी असणं, किंवा तुमचा नवरा, बायको, आई, वडील किंवा मूल ऑस्ट्रेलियाचं नागरिक किंवा पीआर असणं.

गोंधळ होतो तो ८२० "तात्पुरता" आहे म्हणून. पण ८२० आणि ८०१ यांचा अर्ज एकच असतो, फी एकदाच भरली जाते आणि कायमस्वरूपी ८०१ ची मागणी त्याच दिवशी नोंदली जाते. म्हणून कायमस्वरूपी व्हिसाचा अर्जदार ही अट तुम्ही पहिल्याच दिवशी पूर्ण करता.

३. नेमक्या कोणत्या तारखेपासून?

वैध अर्ज दाखल झाल्यापासून. इमी अकाउंटमध्ये, म्हणजे होम अफेअर्सच्या ऑनलाइन खात्यात, अर्ज अर्धवट भरून ठेवला असेल किंवा फी भरायची राहिली असेल, तर तो दाखल झालेला नाही. फी भरल्यावर होम अफेअर्सचं जे पोचपत्र येतं, त्यावरची तारीख तुमच्या कामाची. ते पत्र लगेच उतरवून घ्या, घरच्या दोघांच्याही फोनमध्ये ठेवा.

कार्ड हातात येईपर्यंत डॉक्टरला स्वतः पैसे द्यावे लागले, तर बिल आणि पावती टाकू नका. तुम्ही त्या दिवशी पात्र असाल, तर नोंदणी झाल्यावर त्या बिलांचा दावा करता येतो.

४. कागदपत्रं कोणती लागतात?

पासपोर्ट, अर्जाचं पोचपत्र आणि ब्रिजिंग व्हिसा मंजूर झाल्याचं पत्र. जोडीदाराच्या आधारावर पात्रता दाखवायची असेल तर लग्नाचा दाखला, शिवाय जोडीदार नागरिक किंवा पीआर असल्याचा पुरावा, म्हणजे ऑस्ट्रेलियन पासपोर्ट, नागरिकत्वाचं प्रमाणपत्र किंवा पीआर मंजुरीचं पत्र. तुमच्या स्वतःच्या व्हिसावर कामाची परवानगी असली तरी लग्नाचा दाखला जोडून टाका. एक आधार तपासणाऱ्याला पटला नाही तर दुसरा समोर असतो आणि फॉर्म परत येत नाही.

५. लग्नाचा दाखला मराठीत आहे आणि पासपोर्टवर माहेरचं नाव. अडचण येईल का?

दाखल्याचं आधी. पुण्या-मुंबईसारख्या महापालिकांचे बरेच दाखले मराठी आणि इंग्रजी दोन्हीत असतात, ते चालतात. ग्रामपंचायतीचा दाखला पुष्कळदा फक्त मराठीत असतो. त्याचं इंग्रजी भाषांतर नाटीची (अनुवादकांना प्रमाणित करणाऱ्या ऑस्ट्रेलियन संस्थेची) मान्यता असलेल्या अनुवादकाकडून करून घ्या. पार्टनर व्हिसाच्या अर्जासाठी तुम्ही ते केलेलंच असेल, तीच प्रत इथे वापरा.

आता नावाचं. आपल्याकडे पासपोर्टवर नावाच्या रकान्यात "स्वाती दत्तात्रय" असतं, आडनावात "जोशी". विवाह नोंदणीत मात्र लग्नानंतरचं नाव म्हणून "स्वाती समीर देशमुख" लिहिलेलं असतं. काउंटरवरच्या माणसाला या दोन वेगळ्या बायका वाटतात, आणि त्यात त्याची चूक नाही. मेडिकेअरच्या फॉर्मवर पासपोर्टवरचं नाव अक्षर न् अक्षर तसंच लिहा, कारण व्हिसा त्याच नावावर आहे. लग्नाच्या दाखल्यात लग्नाआधीचं नावही असतं. त्या ओळीकडे बोट दाखवा, बहुतेक वेळा तेवढ्यावर भागतं. पासपोर्टवरचं नाव पुढे बदललं तर आधी होम अफेअर्सला कळवा, मग मेडिकेअरला, आणि मधल्या काळात बँक आणि जीपीकडेही (नेहमीच्या डॉक्टरकडेही) तेच नाव ठेवा. बापाच्या नावाच्या जागी नवऱ्याचं नाव एका कागदावर आणि दुसऱ्यावर नाही, यामुळे पुढे हॉस्पिटलात एकाच बाईच्या दोन फाइल तयार होतात. ते निस्तरण्यात वेळ जातो.

६. अर्ज कुठे करायचा?

मायगव्ह या सरकारी खात्यातून ऑनलाइन, किंवा एमएस००४ नावाचा नोंदणी फॉर्म भरून. घराजवळच्या सर्व्हिसेस ऑस्ट्रेलियाच्या केंद्रावरही जाता येतं. ऑनलाइन ओळख पटवताना यंत्रणा अडली, आणि नव्याने आलेल्यांच्या बाबतीत ती अडते, तर फॉर्म आणि कागद घेऊन केंद्रावर जा. कार्ड टपालाने येतं, पण नंबर मिळाला आणि मायगव्हला जोडला की मोबाइलवरचं डिजिटल कार्डही तितकंच चालतं. बँक खात्याचा तपशील त्याच वेळी भरून ठेवा, परताव्याचे पैसे थेट खात्यात येतात.

७. मला निळं कार्ड आलं, नवऱ्याचं हिरवं आहे. माझं कमी दर्जाचं आहे का?

नाही. निळं म्हणजे अंतरिम कार्ड, पीआरचा निकाल यायचा असलेल्यांसाठी. डॉक्टर, सरकारी हॉस्पिटल, औषधं, तपासण्या हे सगळं हिरव्या कार्डासारखंच मिळतं. फरक मुदतीचा. निळ्या कार्डावरची शेवटची तारीख जवळ आली की व्हिसाचा अर्ज अजून चालू असल्याचं दाखवून ते वाढवून घ्यावं लागतं. कॅलेंडरवर महिनाभर आधीची खूण करून ठेवा, कारण मुदत संपल्याचं लोकांना बहुधा दवाखान्याच्या काउंटरवरच कळतं.

पिवळं कार्ड तिसरंच आहे. ऑस्ट्रेलियाचा ज्या देशांशी परस्पर आरोग्य करार आहे, जसे ब्रिटन, इटली, स्वीडन, त्यांच्या पाहुण्यांसाठी ते असतं. भारताशी असा करार नाही. म्हणून "माझी लंडनची मैत्रीण आल्या आल्या कार्ड घेऊन मोकळी झाली" हा दाखला आपल्याला लागू पडत नाही.

८. कार्ड यायच्या आधीच रात्री दुखणं वाढलं तर?

जिवावरचं असेल तर ००० ला फोन करा किंवा जवळच्या सरकारी हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत जा. कार्ड नाही म्हणून घरी थांबू नका. नोंदणीच्या खिडकीवर अर्जाचं पोचपत्र आणि ब्रिजिंग व्हिसा दाखवा आणि सांगा, "मेडिकेअरसाठी पात्र आहे, नोंदणी चालू आहे." पुढे अपात्र रुग्ण म्हणून बिल आलंच तर घाईने भरू नका. हॉस्पिटलच्या बिलिंग विभागाला मेडिकेअर नंबर आणि पात्रतेची तारीख कळवून बिल तपासायला लावा.

इमर्जन्सीत जावं की नाही हेच ठरत नसेल तर हेल्थडायरेक्टच्या १८०० ०२२ २२२ वर दिवसरात्र नर्सशी बोलता येतं. फोनवर इंग्रजीची भीती वाटत असेल तर १३१ ४५० या सरकारी दुभाषा सेवेच्या नंबरवर आधी फोन करा आणि आपली भाषा सांगा.

९. जीपीकडे गेल्यावर खिशातून किती जातात?

दवाखान्यावर अवलंबून. "बल्क बिलिंग" करणारा दवाखाना मेडिकेअरकडून थेट पैसे घेतो, तुम्ही काही देत नाही. १ नोव्हेंबर २०२५ पासून बल्क बिलिंगचा सरकारी प्रोत्साहन भत्ता मेडिकेअर असलेल्या प्रत्येक रुग्णासाठी लागू झाला. आधी तो मुलं आणि सवलतधारकांपुरता होता. त्यामुळे असा दवाखाना शोधणं आता सोपं झालं आहे. अपॉइंटमेंट घेतानाच विचारा, "बल्क बिल करता का?" हा प्रश्न इथे रोजचा आहे, त्यात संकोच नको.

बल्क बिल न करणाऱ्याकडे पूर्ण फी भरायची आणि मेडिकेअरने ठरवलेल्या दराइतकी रक्कम परत मिळवायची. मधला फरक तुमचा. स्पेशालिस्टकडे जायला जीपीची चिठ्ठी लागतेच, ती साधारण १२ महिने चालते. हॉस्पिटलबाहेर स्पेशालिस्टच्या ठरलेल्या दराच्या ८५ टक्के मेडिकेअर देतं, पण त्याची प्रत्यक्ष फी त्या दरापेक्षा बरीच जास्त असू शकते. अपॉइंटमेंटच्या आधी "माझ्या खिशातून किती जातील?" हे विचाराच. परवडणारं नसेल तर जीपीला सरकारी हॉस्पिटलच्या बाह्यरुग्ण विभागाची चिठ्ठी मागा. तिथे वाट पाहावी लागते, पण पैसे लागत नाहीत.

१०. औषधांचं काय? भारतातून आणलेल्या गोळ्या संपत आल्या आहेत.

भारतातल्या डॉक्टरची चिठ्ठी इथल्या केमिस्टकडे चालत नाही. जीपीकडे जा, जुनी चिठ्ठी आणि गोळ्यांचं पाकीट घेऊन जा. भारतातल्या ब्रँडची नावं इथे कुणाला कळत नाहीत, मूळ औषधाचं नाव पाकिटावर बारीक अक्षरात असतं, ते लागतं. मेडिकेअर कार्ड असेल तर सरकारी औषध यादी, म्हणजे पीबीएसमधल्या औषधासाठी १ जानेवारी २०२६ पासून एका चिठ्ठीला जास्तीत जास्त २५ डॉलर द्यावे लागतात. त्याआधी ही मर्यादा ३१.६० डॉलर होती. गोळ्या संपायच्या दोन आठवडे आधी जा, कारण थायरॉइड, मधुमेह, रक्तदाबाच्या औषधांआधी इथला डॉक्टर बहुधा स्वतःच्या तपासण्या करून घेतो.

११. मेडिकेअरमध्ये काय येत नाही?

मोठ्यांचे दात, चष्म्याची काच आणि फ्रेम, बहुतेक फिजिओथेरपी, आणि परदेशात घेतलेले उपचार. डोळ्यांची तपासणी मात्र येते. व्हिसासाठी जी वैद्यकीय तपासणी करावी लागते तिचे पैसे स्वतःच भरायचे.

सर्वांत मोठा धक्का ॲम्ब्युलन्सचा. मेडिकेअर ती देत नाही. क्वीन्सलंड आणि टास्मानियात रहिवाशांसाठी राज्य सरकार खर्च उचलतं. व्हिक्टोरियात राहत असाल तर ॲम्ब्युलन्स व्हिक्टोरियाचं वार्षिक सभासदत्व घ्या, कुटुंबाचंही मिळतं. न्यू साउथ वेल्समध्ये खासगी कंपनीचं फक्त ॲम्ब्युलन्सपुरतं कव्हर स्वस्तात मिळतं. हे काम मेडिकेअरच्या फॉर्मसोबत त्याच आठवड्यात उरका.

१२. मी स्टुडंट व्हिसावर आहे आणि ८२० भरला आहे. आता ओएसएचसी (परदेशी विद्यार्थ्यांचा आरोग्य विमा) बंद करून पैसे परत घेऊ का?

थांबा. अर्ज भरल्यावर मिळालेला ब्रिजिंग व्हिसा ए लगेच लागू होत नाही, तुमचा स्टुडंट व्हिसा संपल्यावर तो सुरू होतो. तोवर तुम्ही स्टुडंट व्हिसाच्याच अटींखाली आहात, आणि त्यातली ८५०१ ही अट आरोग्य विमा चालू ठेवायला सांगते. मेडिकेअर मिळालं तरी ही अट उठत नाही. विमा मध्येच बंद करणं म्हणजे व्हिसाची अट मोडणं, आणि पार्टनर व्हिसा विचाराधीन असताना तुमच्या नावावर तेवढं एक कारण कशाला? ४८५ (पदवीनंतरच्या तात्पुरत्या व्हिसा) वाल्यांनीही विमा तोडण्याआधी आपल्या मंजुरी पत्रावरच्या अटी वाचाव्यात. ब्रिजिंग व्हिसा सुरू झाला आणि त्यावर ही अट नसेल, तर मग विमा कंपनीला कळवून उरलेल्या मुदतीचे पैसे मागा.

१३. बायको व्हिजिटर व्हिसावर आली आहे. इथूनच ८२० भरला तर?

आधी तिच्या व्हिसावर ८५०३, म्हणजे "पुढे मुक्काम नाही" ही अट आहे का ते पाहा. असेल तर ती अट माफ झाल्याशिवाय इथून अर्ज करता येत नाही. ती अट नसेल आणि अर्ज वैध ठरला, तर व्हिजिटर व्हिसावर कामाची परवानगी नसली तरी तुम्ही नागरिक किंवा पीआर असल्यामुळे प्रश्न २ मधला दुसरा आधार तिला मिळतो. कागदांत लग्नाचा दाखला आणि तुमच्या नागरिकत्वाचा किंवा पीआरचा पुरावा मग अत्यावश्यक ठरतो.

१४. बायको भारतात आहे आणि ३०९ (परदेशातून भरायचा तात्पुरता पार्टनर व्हिसा) भरला आहे.

मेडिकेअर ऑस्ट्रेलियात राहणाऱ्यांसाठी आहे, त्यामुळे भारतात असेपर्यंत नाही. ३०९ लागून ती राहायला आली की लगेच नोंदणी करता येते, त्यापुढचा कायमस्वरूपी १०० लागेपर्यंत थांबायचं नाही. निकालाआधी ती चार आठवडे भेटायला येणार असेल तर तो प्रवास पाहुण्यांच्या विम्यावर करा. भेट आणि वास्तव्य यांत मेडिकेअर फरक करतं, आणि विमा नसताना हॉस्पिटलात जावं लागलं तर पूर्ण बिल अंगावर येतं.

१५. आमचं लग्न व्हायचं आहे, ३०० व्हिसावर आले आहे.

३०० म्हणजे लग्न ठरलेल्यांचा प्रॉस्पेक्टिव्ह मॅरेज व्हिसा, तो कायमस्वरूपी व्हिसाचा अर्ज धरला जात नाही. लग्न होऊन इथून ८२० दाखल होईपर्यंत मेडिकेअर नाही. म्हणून येण्याआधीच विमा घ्या, आणि लग्नानंतर दाखला हाती यायला लागणारा वेळ धरून अर्जाची तयारी ठेवा.

१६. आम्ही दोघंही पीआर नाही. नवरा ४८२ या कंपनीच्या प्रायोजनावरच्या वर्क व्हिसावर आहे, मी त्याची डिपेंडंट. मला कधी मिळेल?

४८२ वर असताना भारतीय नागरिकाला मेडिकेअर नाही, म्हणून विमा ठेवावाच लागतो. पण १८६, १८९ किंवा १९० या कायमस्वरूपी व्हिसाचा अर्ज दाखल झाला आणि त्यात तुमचं नाव असेल, तर तुम्हीही कायमस्वरूपी व्हिसाच्या अर्जदार झालात. ४८२ च्या जोडीदाराला कामाची परवानगी असते, म्हणजे दुसरी अटही पुरी झाली. दोघंही नोंदणी करा. मात्र विम्याबद्दल प्रश्न १२ मध्ये सांगितलेली काळजी इथेही घ्या.

स्किलसिलेक्टमध्ये (कुशल कामगारांच्या व्हिसाच्या सरकारी ऑनलाइन यंत्रणेत) ईओआय टाकला म्हणजे अर्ज झाला असं बरेच जण समजतात. ईओआय ही फक्त इच्छा नोंदवणं आहे. आमंत्रण येऊन, फी भरून अर्ज दाखल झाला तरच मोजा. ४९१ आणि ४९४ ची गोष्ट आणखी वेगळी: ते व्हिसे तात्पुरते आहेत, त्यामुळे नुसता अर्ज पुरत नाही, पण व्हिसा मंजूर झाला की ते धारक मेडिकेअर घेऊ शकतात.

१७. मी गरोदर आहे. निळ्या कार्डावर बाळंतपण होईल का?

होईल. सरकारी हॉस्पिटलात सार्वजनिक रुग्ण म्हणून तपासण्या, बाळंतपण, सिझेरियन लागलं तर तेही, मोफत. यासाठी पहिल्यांदा जीपीकडे जा, तो रक्त-लघवीच्या तपासण्या सांगतो आणि तुमच्या भागातल्या हॉस्पिटलला चिठ्ठी पाठवतो. हॉस्पिटलची जागा घराच्या पत्त्यावरून ठरते, म्हणून घर बदलणार असाल तर आधी सांगा. सोनोग्राफी खासगी केंद्रात केली तर बल्क बिल होते का ते विचारा, नाहीतर चांगली रक्कम खिशातून जाते.

खासगी हॉस्पिटलात बाळंतपण हवं असेल तर विमा कंपन्या गरोदरपणासाठी १२ महिन्यांचा थांबा लावतात, म्हणजे दिवस राहिल्यावर घेतलेला विमा त्या बाळंतपणाला उपयोगी पडत नाही. खरं सांगायचं तर गुंतागुंतीचं बाळंतपण असो की साधं, इथली सरकारी प्रसूती सेवा उत्तम आहे. आई भारतातून यायची आहे म्हणून नोंदणी लांबवू नका. नर्सला डिंकाचे लाडू, शेक-शेगडी यांबद्दलही मोकळेपणाने सांगा. काय खाता आणि काय करता हे त्यांना माहीत असलेलं बरं, विशेषतः गरोदरपणातला मधुमेह निघाला असेल तर.

बाळाचे वडील किंवा आई नागरिक किंवा पीआर असेल आणि बाळ इथे जन्मलं, तर ते जन्मतःच ऑस्ट्रेलियन नागरिक. हॉस्पिटलात पालकांना जो कागदांचा संच मिळतो त्यातूनच बाळाची मेडिकेअर नोंदणी करा.

१८. मेडिकेअर वापरलं तर "सरकारवर भार" म्हणून पार्टनर व्हिसा नाकारतील का?

ही भीती बहुधा अमेरिकेतल्या नातेवाइकांकडून येते. तिथे "पब्लिक चार्ज" नावाचा नियम आहे, इथे तसा नाही. हक्काची सेवा घेतली म्हणून व्हिसावर डाग लागत नाही. जीपीकडे जा, तपासण्या करा, हॉस्पिटलात भरती व्हा.

व्हिसाची आरोग्य अट ही स्वतंत्र गोष्ट आहे. तिच्यात सरकारी डॉक्टर तुमच्या आजाराचा पुढचा अंदाजे खर्च पाहतो. १ जुलै २०२४ पासून त्याची मर्यादा ८६,००० डॉलर आहे. पार्टनर व्हिसात अंदाज त्यापुढे गेला तरी सूट मिळण्याची तरतूद आहे. तेव्हा निदान लपवण्यासाठी उपचार टाळू नका. व्हिसाच्या फॉर्मवर आजार लपवला तर मात्र खोटी माहिती दिल्याचा वेगळा आणि गंभीर प्रश्न उभा राहतो.

१९. इथे कुणी ओळखीचं नाही, काम नाही, दिवस जात नाही, रडू येतं. यासाठी डॉक्टरकडे जायचं का?

जायचं. वाट पाहण्याचा हा काळ महिन्यांचा नाही, कधी वर्षांचा असतो, आणि घर सोडून आलेल्या माणसाला तो फार जड जातो. जीपीकडे लांब अपॉइंटमेंट घ्या आणि मेंटल हेल्थ ट्रीटमेंट प्लॅनबद्दल विचारा. त्यावर एका कॅलेंडर वर्षात मानसोपचाराच्या १० भेटींपर्यंत मेडिकेअरचा परतावा मिळतो, निळ्या कार्डावरही. नवऱ्याला किंवा बायकोला डॉक्टर काही सांगत नाही, ती माहिती तुमची असते.

२०. भारतात जाऊन यायचं आहे. मेडिकेअर बंद होईल का?

आधी व्हिसाचं पाहा. ब्रिजिंग व्हिसा ए वर असताना देश सोडला की तो संपतो. जाण्याआधी ब्रिजिंग व्हिसा बी घ्यावा लागतो आणि त्यावरच्या तारखेच्या आत परतावं लागतं. मेडिकेअरला वैध व्हिसा हवा असल्यामुळे इथे चूक झाली तर दोन्ही धोक्यात येतात. भारतातल्या मुक्कामात मेडिकेअर काहीच देत नाही, प्रवास विमा घ्या.

२१. व्हिसा नाकारला गेला. कार्ड लगेच परत करायचं का?

मुदतीत ॲडमिनिस्ट्रेटिव्ह रिव्ह्यू ट्रिब्युनलकडे फेरतपासणी मागितली, तर अर्जाचा अंतिम निकाल लागलेला नसतो. तोवर वैध ब्रिजिंग व्हिसा असेल तर मेडिकेअर चालू राहू शकतं. ट्रिब्युनलचं पोचपत्र सर्व्हिसेस ऑस्ट्रेलियाला द्या आणि कार्डाची मुदत वाढवून घ्या. फेरतपासणी मागण्याची मुदत लहान असते आणि ती हुकली तर दुसरी संधी मिळत नाही, तेव्हा नकाराचं पत्र आल्या दिवशीच नोंदणीकृत मायग्रेशन एजंट किंवा वकिलाला गाठा.

२२. घरात मारहाण होते. नवरा म्हणतो, "घर सोडलंस तर व्हिसाही जाईल आणि मेडिकेअरही."

हे खरं नाही. पार्टनर व्हिसाच्या नियमांत कौटुंबिक हिंसेसाठी खास तरतूद आहे. नातं तुटलं तरी तिच्याखाली अर्ज पुढे चालू शकतो. अर्ज चालू आहे आणि तुमच्या ब्रिजिंग व्हिसावर कामाची परवानगी आहे, तोवर मेडिकेअरचा आधार तुमच्या स्वतःच्या नावावर उभा आहे, नवऱ्याच्या नाही. अर्ज मागे घेण्याच्या कुठल्याही कागदावर दबावाखाली सही करू नका.

१५ वर्षांवरील कुणालाही मेडिकेअरचं स्वतःचं वेगळं कार्ड मागता येतं. ते मागा, पत्ता आणि बँक खातं बदला, मायगव्हचा पासवर्डही. १८०० ७३७ ७३२ हा १८००रिस्पेक्ट या कौटुंबिक हिंसेसाठीच्या मदत सेवेचा नंबर दिवसरात्र चालू असतो, दुभाषाही मिळतो. तातडीचा धोका असेल तर ०००. जीपीला जखमा दाखवा आणि नोंद करायला सांगा. ती नोंद पुढे पुरावा म्हणून उपयोगी पडू शकते.

२३. टॅक्समध्ये काय फरक पडतो? खासगी विमा घ्यावा का?

मेडिकेअर लेव्ही, म्हणजे मेडिकेअरसाठीचा कर, करपात्र उत्पन्नाच्या २ टक्के असते. वर्षाच्या ज्या दिवसांत तुम्ही मेडिकेअरला पात्र नव्हता, त्या दिवसांची सूट मागता येते. त्यासाठी सर्व्हिसेस ऑस्ट्रेलियाकडून मेडिकेअर एन्टायटलमेंट स्टेटमेंट घ्यावं लागतं. वर्षाच्या मध्यात ८२० भरलेल्या बऱ्याच जणांचे हे पैसे निव्वळ माहिती नसल्याने जातात.

लेव्ही सरचार्ज वेगळा. २०२५-२६ मध्ये कुटुंबाचं उत्पन्न २,०२,००० डॉलरच्या वर असेल आणि दोघांपैकी कुणा एकाकडे जरी खासगी हॉस्पिटल कव्हर नसेल तर १ ते १.५ टक्के जास्त लागतो. पाहुण्यांचा किंवा विद्यार्थ्यांचा विमा इथे धरत नाहीत. एकट्या नवऱ्याचा विमाही पुरत नाही, तुमचं नावही त्यात हवं.

वय ३१ च्या वर असेल तर आणखी एक मुदत लक्षात ठेवा. मेडिकेअरमध्ये पूर्ण हक्काने नोंद झाल्यापासून १२ महिन्यांत हॉस्पिटल कव्हर घेतलं तर जादा आकार लागत नाही. नंतर घेतलं तर ३० नंतरच्या प्रत्येक वर्षासाठी हप्ता २ टक्क्यांनी वाढतो. आता विमा घ्यायचा नसला तरी नोंदणीच्या तारखेचं पत्र जपून ठेवा.

२४. आई-बाबांचा पेरेंट व्हिसा भरला आहे. त्यांनाही असंच मिळेल का?

नाही. पेरेंट व्हिसाचा अर्ज या सवलतीतून कायद्यानेच वगळला आहे. प्रश्न २ मधली बाकी प्रत्येक अट ते पूर्ण करत असले तरी अर्जदार म्हणून त्यांना मेडिकेअर नाही. त्यांच्यासाठी विमा घ्या, आणि घेताना आधीपासूनच्या आजारांचा थांबा किती आहे ते लेखी मागा. सत्तरीतल्या माणसाला लागणारी बहुतेक दुखणी त्याच वाक्याखाली येतात.

२५. पीआर लागला. आता काही करायचं?

मंजुरीचं पत्र सर्व्हिसेस ऑस्ट्रेलियाला द्या, अंतरिम नोंद बदलून हिरवं कार्ड मिळतं. निळ्याची मुदत बाकी आहे म्हणून थांबू नका. त्याच वेळी कुटुंब म्हणून मेडिकेअर सेफ्टी नेटची नोंदणी करा. त्यात दोघांचा आणि मुलांचा खिशातला खर्च एकत्र मोजला जातो आणि ठरावीक रकमेपुढे परतावा वाढतो. जोडप्यांना आणि कुटुंबांना ती नोंदणी स्वतः करावी लागते, कार्डावर नावं एकत्र असली तरीही.